गवताचा काठ

अमेरिकेतील चेसापीक उपसागरात, मेरीलँड राज्याच्या हद्दीत, हॉलंड नावाचे एक बेट होते. ‘होते’ हे क्रियापद माझ्या कामाच्या शिस्तीप्रमाणे चूक आहे, कारण त्या बेटाचे काही गवताळ तुकडे अजून पाण्याच्या वर आहेत, पाणपक्षी त्यांवर घरटी करतात आणि माझ्या संगणकातील नकाशात त्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे. परंतु १९१० च्या सुमारास जिथे साधारण ३६० माणसे राहत होती, जिथे शाळा, चर्च, दुकान, टपाल कार्यालय आणि गावाचा स्वतःचा बेसबॉलचा संघ होता, ते बेट आता नाही. १९१४ च्या आसपास पश्चिमेचा काठ घरांच्या अंगावर येऊ लागला. १९१८ च्या वादळात चर्चचे नुकसान झाले आणि त्यानंतर चार-पाच वर्षांत गाव उठले. उठताना लोकांनी बरीच घरेही सोबत घेतली. फळ्या सुट्या केल्या, पडावांवर चढवल्या आणि मुख्य भूमीवरच्या क्रिसफील्डसारख्या गावांत नेऊन घरे पुन्हा उभी केली. मागे राहिलेल्यांपैकी शेवटचे घर, १८८८ साली बांधलेले, २०१० च्या ऑक्टोबरात कोसळले. अखेरच्या दिवसांत भरतीच्या वेळी ते चहूबाजूंनी पाण्यात उभे असे.

मी नकाशांचे काम करते. जुन्या सर्वेक्षणांच्या नकाशांवरची आणि विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरची किनाऱ्याची रेघ संगणकात उतरवायची, वेगवेगळ्या वर्षांच्या रेघा एकावर एक ठेवायच्या आणि मधल्या काळात काठ किती सरकला ते सांगायचे, इतके ते साधे आहे. निदान अण्णांना मी ते तसेच सांगितले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. रायगडच्या खारेपाटात त्यांनी जन्मभर भातशेती केली आणि खाडीचे पाणी बांधाबाहेर ठेवणे हा त्यांच्या लेखी शेतीचाच भाग आहे. उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर फिरणाऱ्या माणसांत ते स्वतः असत. बांधाला खांड पडली तर रातोरात मातीची ढेकळे रचून ती बुजवावी लागते, नाहीतर पुढची काही वर्षे त्या शेतात दाणा होत नाही. त्यामुळे हॉलंड बेटाची गोष्ट मी फोनवर सांगितली तेव्हा हळहळ बाजूला ठेवून त्यांनी कामाचा प्रश्न विचारला. “किती गेली जमीन?” माझे उत्तर लांबू लागले तसे म्हणाले, “वर्षाला किती जाते, तेवढं सांग.”

तेवढेच सांगणे किती अवघड आहे हे मला हे काम करता करता कळत गेले.

आधी शब्दाविषयी. इंग्रजीत ज्याला सॉल्ट मार्श म्हणतात त्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत खारी दलदल म्हणतात. दलदल म्हटले की पाय रुतणारा, टाळावा असा चिखल डोळ्यांपुढे येतो. आमच्याकडे बांधाबाहेरच्या, भरतीला भिजणाऱ्या जमिनीला खाजण म्हणतात आणि मला तोच शब्द इथेही वापरावासा वाटतो, जरी आमच्या खाजणात तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे असतात आणि चेसापीकच्या खाजणात गवताचेच राज्य असते. हे गवत खारे पाणी सोसते आणि जमिनीखाली मुळांची जाड चटई विणते. भरतीबरोबर आलेला गाळ पात्यांत अडकतो, जुनी मुळे पुरती न कुजता साठत जातात आणि जमीन सावकाश वर येते. समुद्र चढतो तशी तीही चढते. दोघांचा वेग जुळला तर खाजण शतकानुशतके टिकते. वरच्या दिशेने ते असे स्वतःला सांभाळू शकते, बाजूने मात्र त्याला काही करता येत नाही. काठाचा तुकडा तुटून पाण्यात पडला की तो गेला, आणि उघड्या पाण्यात तिथे नवे गवत सहसा धरत नाही. आमची सगळी मोजणी या बाजूच्या लढाईची आहे.

चेसापीक उपसागर म्हणजे बुडालेले नदीचे खोरे. गेल्या हिमयुगानंतर समुद्र चढला आणि सस्क्वेहाना नदीचे खालचे खोरे पाण्याखाली गेले. खोऱ्यातील ज्या उंच जागा वर राहिल्या त्यांची बेटे झाली. हिमयुगाचे दुसरे एक देणे अजून फिटते आहे. उत्तरेला बर्फाचे प्रचंड थर असताना त्यांच्या भाराने तिथली जमीन दबली आणि दक्षिणेला, जिथे बर्फ नव्हता, ती थोडी फुगून वर आली. बर्फ वितळून हजारो वर्षे झाली तरी ती फुगलेली जमीन अजून खाली बसते आहे. पाणी चढते आहे आणि जमीन खचते आहे, असा दुहेरी हिशेब असल्यामुळे बाल्टिमोरच्या बंदरात १९०२ पासून चालू असलेल्या भरतीमापकाच्या नोंदींत पाण्याची पातळी वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरांहून थोडी अधिक चढलेली दिसते. शंभर वर्षांत फूटभर. ज्या बेटांची उंची मीटरभरही धड नाही, तिथे फूट ही लहान गोष्ट नव्हे.

आता रेघ. अमेरिकेच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण करण्याचा कायदा १८०७ साली, थॉमस जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना झाला आणि फर्डिनंड हॅसलर या स्वित्झर्लंडहून आलेल्या गणितज्ञाने त्या कामाची पायाभरणी केली. चेसापीकच्या काठांवर सर्वेक्षणाची पथके प्रामुख्याने १८४० च्या दशकापासून उतरली. तिपाईवर फळा, फळ्यावर कागद आणि कागदावर नेम धरायची पट्टी, असे त्यांचे हत्यार होते. आपल्याकडे स्थापत्य अभियांत्रिकीची मुले ज्याला प्लेन टेबल म्हणतात तेच. या पद्धतीत नकाशा घरी परतल्यावर आकडेमोड करून काढला जात नाही, तो जागेवर, वाऱ्यात, उन्हात, समोरचा काठ डोळ्यांना दिसत असतानाच कागदावर उतरतो. मला त्या नकाशांचे फार कौतुक आहे. घरांचे काळे चौकोन, कुंपणांच्या रेघा, फळबागांचे ठिपके आणि खाजणासाठी आडव्या बारीक रेषांवर उगवलेले गवताचे झुबके, हे सारे हाताने काढलेले असते आणि दीडशे वर्षांनंतर ते मोठे करून पाहिले तरी काढणाऱ्याचा हात चळलेला दिसत नाही.

पण ही सर्वेक्षक मंडळी किनारा म्हणून नेमके काय काढत होती, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. वाळूच्या किनाऱ्यावर ते भरतीच्या पाण्याची वरची खूण काढत: वाळलेल्या शेवाळाची, शिंपल्यांची, ओल्या-कोरड्या वाळूची सीमा. खाजणात अशी खूण सापडत नाही, कारण मोठ्या भरतीचे पाणी गवताच्या आत कुठवर शिरले हे बाहेरून दिसतच नाही. म्हणून तिथे दुसरा नियम होता. जिथे गवत संपते आणि उघडे पाणी लागते, तो काठ. कायद्याच्या भाषेत ती भरतीरेषा नव्हे, ती दिसणारी कडा आहे आणि नकाशावर दोन्हींसाठी सारखीच काळी रेघ ओढलेली असते. हे ठाऊक नसेल तर माणूस एकाच नकाशातील दोन वेगळ्या गोष्टी एकच समजून मोजत बसतो.

गंमत अशी की मोजणाऱ्याच्या दृष्टीने खाजणाचा काठ वाळूच्या काठापेक्षा अधिक भरवशाचा निघतो. वाळूची ओली सीमा दर भरतीला बदलते, हंगामाप्रमाणे बदलते, आदल्या रात्रीच्या वादळाने बदलते. खाजणाच्या काठाला मात्र बहुधा पायरी असते, हातभर उंचीचा उभा कडा असतो, आणि गवताची हिरवी सीमा आकाशातूनही स्वच्छ दिसते. १८४० च्या दशकातील माणसाने फळ्यावर जे काढले तेच १९३० च्या दशकातील पहिल्या विमान-छायाचित्रांत दिसते आणि तेच आज दर दोन-तीन वर्षांनी मिळणाऱ्या रंगीत चित्रांत दिसते. शिवाय उपसागराच्या या मधल्या भागात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्ध्या मीटरच्या घरात आहे. मुंबईला उधाणाच्या भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते हे ऐकून इथल्या सहकाऱ्यांचे डोळे विस्फारतात. त्यांच्या पाण्याला चंद्रापेक्षा वारा अधिक हलवतो. हिवाळ्यात वायव्येचा जोरदार वारा सुटला की उपसागरातले पाणी समुद्राकडे ढकलले जाते आणि एरवी न दिसणारा चिखल उघडा पडतो. अशा दिवशी टिपलेल्या चित्रात चिखलाला जमीन समजण्याची चूक नवखा माणूस हमखास करतो. त्यावर उपाय एकच, चिखल सोडून गवताकडे बघायचे.

गवताकडे बघायचे हेही वाटते तितके सोपे नाही. स्मिथ बेटावर क्रिसफील्डहून बोटीने जाता येते. पहिल्या वर्षी मी गेले ते काठ प्रत्यक्ष पाहायला. नावाड्याने होडी खाजणाच्या पश्चिम कडेला अगदी लागून नेली. लाटेने खालची मऊ माती पोखरून नेली होती आणि वर मुळांची चटई छज्ज्यासारखी पुढे आलेली होती, तिच्यातून मुळांचे धागे लोंबत होते. दोन हातांवर एक मोठा तुकडा, आमच्या ओटीएवढा, सुटून पाण्यात कलला होता. त्याच्यावरचे गवत ताठ उभे होते, हिरवेगार होते, त्याला अजून खबर नव्हती. परत आल्यावर त्याच जागेचे छायाचित्र पडद्यावर उघडले तर तिथे कडेपासून किंचित सुटा असा हिरवा ठिपका होता. रेघ त्याच्या आतून न्यायची की बाहेरून? बाहेरून नेली तर पाण्यात पडलेल्या तुकड्याला मी जमीन म्हटले, आतून नेली तर डोळ्यांना दिसणाऱ्या गवताला मी पाणी म्हटले. मी आतून नेली. दुसऱ्या कोणी बाहेरून नेली असती आणि त्याला चूक म्हणता आले नसते. अशा शेकडो निर्णयांची मिळून किनाऱ्याची एक रेघ होते.

माझी पहिली मोठी चूक मात्र गवताने केलेली नव्हती, कागदाने केली होती. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना दोन्हींत ओळखता येतील अशा समान खुणा लागतात. गावात चर्चचा कळस असतो, रस्त्यांचा चौक असतो. ओसाड गवताच्या बेटावर काय असणार? जुन्या त्रिकोणमापनाचे बिंदू मिळाले तर आधार होतो, पण त्यातले कित्येक बिंदू बेटाबरोबरच पाण्यात गेलेले असतात. त्यात कागद दीड शतकात आकसलेला, आणि अक्षांश-रेखांशांची तेव्हाची पायाभूत चौकट आजच्याहून वेगळी. एका लहानशा बेटाच्या उत्तर काठावर मला जमीन दहा-बारा मीटरांनी वाढलेली आढळली आणि मी आनंदाने ती विभागातील एका ज्येष्ठ बाईंना दाखवायला गेले. सगळीकडे झीज असताना इथे भर कशी, याचे कारण शोधण्याचा एक लेखच माझ्या डोक्यात तयार होता. बाईंनी एवढेच विचारले, “दक्षिण काठ पाहिलास का?” दक्षिण काठ बरोबर तेवढाच आत आलेला होता. बेट तसेच होते, नकाशा सरकला होता.

लांबलचक सरळ किनाऱ्यावर ही चूक लक्षातही आली नसती, बेटावर ती लपत नाही. बेटाला सर्व बाजूंनी काठ असतो. नकाशा सरकला तर एका बाजूला जेवढे मिळते तेवढे दुसऱ्या बाजूला जाते आणि क्षेत्रफळ मात्र जागच्या जागी राहते. तेव्हापासून मी आधी क्षेत्रफळ काढते आणि मग काठाकडे वळते.

चूक किती मोठी असू शकते हे सांगण्याची आमच्या व्यवसायात पद्धत आहे आणि ती पाळलीच पाहिजे. १:२०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर वीस मीटर. तेव्हा अर्ध्या मिलिमीटर जाडीची शाईची रेघ स्वतःच दहा मीटर रुंद होते. रेघेच्या कोणत्या कडेवर काठ आहे हे काढणाऱ्यालाही सांगता आले नसते. म्हणून एकोणिसाव्या शतकातील रेघेला साधारण दहा मीटर इकडेतिकडे अशी मुभा द्यावी लागते. समजा, आजच्या छायाचित्रावरच्या रेघेला तीन मीटरची मुभा दिली. अशा मुभांची सरळ बेरीज करत नाहीत, त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतात; तेव्हा दोन्हींचा एकत्रित संशय साडेदहा मीटरांच्या जवळ जातो. आकडा मोठा वाटतो, पण दोन रेघांमध्ये १७० वर्षे असतील तर वर्षाच्या हिशेबात तो सहा सेंटिमीटर उरतो. उलट, दहा वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन चांगली, आधुनिक छायाचित्रे, दोन्हींना तीन-तीन मीटरची मुभा. इथे वर्षाचा संशय चाळीस सेंटिमीटरांच्या वर जातो. जुन्या नकाशाची खोट काळ भरून काढतो आणि नव्या चित्राची सफाई घाई खाऊन टाकते. मागच्या पाच-दहा वर्षांत काठ किती वेगाने सरकला असे कोणी छातीठोकपणे सांगितले की मला म्हणूनच थोडे हसू येते. काठ खरोखर वर्षाला दोन-तीन मीटर जात असेल तर गोष्ट वेगळी.

अण्णांना हवा असलेला आकडा काढण्याची रूढ पद्धत अशी आहे. काठाला साधारण समांतर अशी एक पायारेषा आखायची आणि तिच्यापासून ठरावीक अंतरावर, दर पन्नास मीटरला म्हणा, काटकोनात आडव्या रेषा सोडायच्या. प्रत्येक आडवी रेषा वेगवेगळ्या वर्षांच्या काठांना जिथे छेदते, ते बिंदू टिपायचे. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंतील अंतराला वर्षांनी भागले की त्या जागेचा वेग मिळतो, किंवा सगळ्या बिंदूंतून एक सरळ रेषा बसवून तिचा उतार घेता येतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने यासाठी तयार केलेली संगणक प्रणाली जगभर वापरली जाते. झीज असेल तर आकड्याआधी उणे चिन्ह येते. मग सगळ्या आडव्या रेषांची सरासरी काढायची.

सरासरी सांगितल्यावर अण्णा म्हणाले, “म्हणजे दर वर्षी तेवढी जाते?” तशी ती जात नाही. काही वर्षे काहीच जात नाही आणि मग एका हिवाळ्यात ओटीएवढा तुकडा जातो. त्यांना वाटले, मोठी चक्रीवादळे येतात तेव्हा जात असणार. आमच्याकडे बांध फुटतात ते तसल्याच रात्री. मलाही पूर्वी असेच वाटे. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जगातील अनेक ठिकाणच्या खाजणांची माहिती एकत्र करून असे दाखवले गेले की दीर्घकालीन झिजेत प्रचंड वादळांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. कारण ऐकले की पटते. महावादळात पाणी इतके चढते की खाजण पुरते बुडते आणि लाटा त्याच्या डोक्यावरून निघून जातात. काठाच्या उभ्या कडेवर त्यांचा घाव बसत नाही. घाव बसतो तो वर्षातून अनेकदा येणाऱ्या मध्यम वाऱ्याच्या दिवशी, पाणी कडेच्या बरोबर पोटाला लागलेले असताना. बेटाला खाणारा वारा बातम्यांत येत नाही.

त्यावर अण्णांनी जे सांगितले ते मला या संशोधनाइतकेच मोलाचे वाटते. बांध उधाणाच्या रात्री फुटतो खरा, पण तो आधीच खेकड्यांच्या बिळांनी पोकळ झालेला असतो, त्यामुळे जुनी माणसे भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी लांब असताना, बांधावर जाऊन बिळे शोधत. आपत्तीची तारीख एक असते आणि तिची तयारी निवांत दिवसांत झालेली असते.

काठाच्या रेघेला न कळणारी अशी एक गोष्ट टँजिअर बेटावर आहे. हे व्हर्जिनिया राज्यातील बेट. जॉन स्मिथ या इंग्रज दर्यावर्दीने १६०८ साली उपसागराचा नकाशा केला तेव्हा या बाजूच्या बेटांची नोंद घेतली होती. खेकडे पकडणाऱ्यांचे गाव अजून तिथे आहे. २०२० च्या जनगणनेत साडेचारशेच्या आत माणसे होती. १८५० पासून टँजिअर बेटसमूहाची सुमारे दोनतृतीयांश जमीन गेली, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. उत्तरेकडच्या भागात पूर्वी वस्ती होती. ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उठली आणि २०१२ च्या सँडी वादळानंतर तिथल्या थडग्यांतील हाडे किनाऱ्यावर उघडी पडली. हे सारे काठाच्या मोजणीत येते. परंतु गावातील माणसे ज्या उंचवट्यांवर राहतात ते काठापासून आत आहेत, आणि तिथे वेगळेच घडते आहे. उंचवट्याची कोरडी जमीन ओली होते, अंगणात खारे गवत उगवते, आणि कोरड्याचे खाजण होते. पुढच्या एका अभ्यासात १९६७ ते २०१९ या काळात ही राहण्याजोगी उंच जमीन ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. किनाऱ्याच्या रेघेच्या दृष्टीने तिथे काहीच झाले नाही, कारण गवत जिथे संपते तिथेच ते अजून संपते आहे. गवत आतल्या बाजूला कुठे सुरू होते हे माझी रेघ विचारत नाही. हे लक्षात आल्यावर माझ्या कामाविषयीचा माझा ताठा बराच कमी झाला.

पॉप्लर बेटाने उलट बाजूने धडा दिला. १८४७ च्या सुमारास ते अकराशे एकरांहून मोठे होते. १९९० च्या दशकात उरले होते पाचेक एकर. १९९८ पासून तिथे दगडी बांध घालून, बाल्टिमोर बंदराकडे जाणाऱ्या जलमार्गातून उपसलेला गाळ आत भरून, बेट पुन्हा उभे केले जात आहे आणि ते मूळच्याहून मोठे, सतराशे एकरांचे व्हायचे आहे. कोकणातल्या माणसाला बांध घालून जमीन राखण्याचे नवल नाही. नवल वाटते ते बुडालेल्या जागी परत जमीन उभी करण्याचे. प्रणालीला मात्र यातले काही माहीत नसते. ती भोळेपणाने सांगते की या काठावर दर वर्षी अनेक मीटर भर पडली. दगडाची रेघ आणि गवताची रेघ तिच्या लेखी सारखीच. अशी बेटे हाताने वेगळी काढून ठेवावी लागतात.

सर्वांत मोठा सापळा मला उशिरा दिसला. एका बेटसमूहाचा अहवाल लिहिताना मी दोन काळ वेगळे केले होते: १८४० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंतचा लांब काळ, आणि त्यानंतरचा अलीकडचा. अलीकडच्या काळात झिजेचा सरासरी वेग कमी झालेला दिसला. कच्च्या मसुद्यात मी तसे लिहिलेही, की काठ आता स्थिरावत असावा. मसुदा पुढे देण्याच्या आदल्या संध्याकाळी, केवळ सवयीने, मी दोन्ही काळांतील आडव्या रेषांची संख्या मोजली. अलीकडच्या काळात ती बरीच कमी होती. रेषा गेल्या कुठे? ज्या ठिकाणी १९९० च्या आधीच जमीन पुरती संपली होती, तिथे छेदायला काठच उरला नव्हता. दोन बिंदू मिळाले नाहीत म्हणून प्रणालीने त्या रेषा निमूटपणे गाळल्या होत्या. पश्चिमेच्या उघड्या तोंडावरचे, सर्वांत वेगाने झिजलेले भाग संपून गेले होते आणि आडोशाचे, सावकाश झिजणारे तेवढे हिशेबात राहिले होते. सरासरी सुधारली होती, कारण मरणारे मरून गेले होते. काही रेषा तर याहून फसव्या निघाल्या. बेट मधोमध तुटलेले असल्याने पश्चिमेकडून निघालेली रेषा मोकळ्या पाण्यातून सरळ पुढे जाऊन पूर्वेच्या काठाला भिडली होती आणि तिने त्यालाच पश्चिमेचा काठ मानून घेतले होते.

त्या रात्री मी ते वाक्य खोडले आणि तक्ता नव्याने मांडला. काठाचा वेग बाजूला ठेवून प्रत्येक तुकड्याचे प्रत्येक वर्षाचे क्षेत्रफळ लिहिले. इथे एक प्रश्न असा आला की संपलेल्या तुकड्याचे काय करायचे. नकाशाच्या फाईलमध्ये शून्य क्षेत्रफळाची आकृती काढता येत नाही. आकृती नसेल तर तक्त्यात तिची ओळही येत नाही. २०१० चा तक्ता उघडणाऱ्याला तो तुकडा कधी होता हेच कळणार नाही.

हे मी अण्णांना सांगितले तेव्हा ते पहिल्यांदाच हसले. आमच्या वाट्याचा एक तुकडा बांधाबाहेर आहे. खांड पडली तेव्हा ती बुजवणे भावकीला जमले नाही. मी शाळेत असताना तिथे भात होत असे, आता तिवरे आहेत आणि भरतीला होडी जाते. “आपल्या सातबाऱ्यावर ती जमीन आहे की अजून,” अण्णा म्हणाले. “पोटखराब्यात दाखवतात. नाव माझं, गुंठे तेवढेच.” त्यांच्या कागदावर पाण्याखालची जमीन पूर्ण मापाने जिवंत होती आणि माझ्या कागदावरून ती नाव-गाव न ठेवता निघून जात होती. दोन्ही कागद खोटे, पण त्यांच्या कागदावर निदान विचारायला जागा होती.

मग मी चॉपटँक नदीच्या मुखासमोरचे शार्प्स बेट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे हॉटेल चालत असे; १९६० पर्यंत बेट पूर्ण बुडाले. त्याच्या नावाचा दीपस्तंभ, १८८२ सालचा, अजून पाण्यात आहे, आणि १९७७ च्या हिवाळ्यातील बर्फाच्या रेट्याने एका अंगाला कललेला आहे. तक्त्यात मी त्याच्यासाठी हाताने ओळ घातली. बेटाचे नाव, वर्ष, मोजणी करणाऱ्याची आद्याक्षरे, क्षेत्रफळ ०. संशयाच्या रकान्यात काय लिहावे यावर थोडा वेळ गेला. पाण्यात गवत नाही याबद्दल मुभा द्यायला जागा नव्हती, तेव्हा तिथेही मी शून्यच लिहिले. त्यानंतर हॉलंड बेटाचे तुकडे घेतले, एकेक करून.

अण्णांना त्या ओळीचे छायाचित्र पाठवले. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले, “शून्याला सारा किती बसतो तुमच्याकडे?”